लेबनॉनकडून खेळून शेवटी शारजात पोरीच शिकवायच्या?

पत्र शारजाहून आलंय. चार पानी आहे, म्हणून गाभा तेवढा देते.

‘माझी मुलगी सतरा वर्षांची, अकरावी सायन्सला आहे. बरीच वर्षं इथल्या अकॅडमीत फुटबॉल खेळते, मिडफिल्डला. तिची कोच लेबनॉनची, चौतिशीची. त्यांच्या राष्ट्रीय संघातून खेळलेली आहे. दिवसा औषधाच्या दुकानात काम आणि रात्री सराव असं करत तिनं शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. 2021 मध्ये बैरुत सोडून इथे आली. आईवडील तिकडेच आहेत, त्यांना दर महिन्याला पैसे पाठवते. ती म्हणते, बारावीत खेळ बंद करू नका, पोरीत दम आहे, भारतात ट्रायलला पाठवा. आमच्या ह्यांना ते पटत नाही. हे मूळचे कोल्हापूरचे. स्वतः कॉलेज बुडवून शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांच्या मॅचेस बघितलेले. पण लेकीचा विषय निघाला की म्हणतात, “देशाकडून खेळलेली बाई, आणि शेवटी काय, तर शारजात पोरी शिकवते. आपलीनं पण हेच करायचं का?” मला उत्तर सुचत नाही. त्यात लेकीनं युद्धात जखमी झालेल्या लेबनॉनच्या फुटबॉलपटू सेलीन हैदरचा फोटो कपाटाच्या दारावर लावलाय. ह्यांना तो बघवत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. पुढेमागे कॅनडाला जायचं घाटतंय, तेही डोक्यात आहे. वर्षभर खेळ बंद करावा का?’

– एक आई, शारजा

ताई,

वर्षभर खेळ बंद करू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. पण नुसत्या माझ्या सांगण्यानं तुमच्या घरात काही हलणार नाही, हेही मला कळतं. तिथे तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाला उत्तर लागेल. प्रश्न बोचरा आहे, पण फालतू नाही. मुलीच्या पोटापाण्याचं काय, हे बापानं विचारायचं नाही तर कुणी? फक्त त्यांनी त्या कोचच्या आयुष्याची पहिली ओळ वाचली आणि एकदम शेवटची. मधली पानं तशीच राहिली.

लेबनॉनचा महिला संघ तसा अलीकडचा. 2006 मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात अरब देशांच्या महिला संघांची स्पर्धा झाली, तिथे हा संघ पहिल्यांदा मोठ्या मैदानावर दिसला. अल्जीरियानं त्यांना 12-0 असं हरवलं. आणि देशातली महिलांची लीग कधी सुरू झाली? 2007-08 च्या हंगामात. म्हणजे क्रमच उलटा. आपल्याकडे पोरगं आधी पेठेत खेळतं, मग तालमीच्या संघात, मग जमलं तर जिल्हा, राज्य वगैरे. या मुलींच्या अंगावर आधी देशाची जर्सी आली आणि देशात खेळायची सोय नंतर झाली. तुमची कोच तेव्हा पंधरा-सोळाची असणार. तिच्यासमोर ‘पुढे जाऊन अमकीसारखं व्हायचंय’ म्हणायला अमकी कुणी नव्हतीच.

बारा गोल खाल्लेल्या संघाची खिल्ली उडवायला अक्कल लागत नाही. मी क्रीडा पानावर उमेदीची वर्षं काढली आहेत, तिथे असा स्कोअर आला की दोन ओळींची चौकट आणि वर एखादं चटपटीत शीर्षक, काम झालं. त्यानंतर त्या मुली सरावाला परत आल्या का, ही बातमी कुणी करत नाही. त्या आल्या. लीग सुरू झाली तेव्हा सुरुवातीची वर्षं सदाका नावाच्या क्लबची होती. मग झूक मोस्बेह, एसएएस, बीएफए अशी नावं पुढे आली. बीएफए म्हणजे बैरुत फुटबॉल अकॅडमी.

यातली अकॅडमी ही गोष्ट महत्त्वाची आहे. लेबनॉनमध्ये पुरुषांचे जुने मोठे क्लब आहेत, अन्सार, नेज्मेह, अहेद, सफा, आणि बहुतेकांच्या पाठीशी एखादा समाज, एखादा पक्ष, एखादं घराणं असतं. पैसाही त्याच वाटेनं येतो. मुलींचा फुटबॉल यातल्या फारशा कुणाच्या डोळ्यांत भरला नाही, म्हणून तो बराचसा अकॅडम्यांमध्ये वाढला. तिथे आईबाप फी भरतात आणि संध्याकाळी टर्फ रिकामं झालं की सराव होतो. त्याचा तोटा उघड आहे, खेळाडूला पगार नाही. पण एक फायदाही झाला. पंथ, पक्ष विचारत न बसता वेगवेगळ्या घरांतल्या मुली एका संघात आल्या. एकीनं हिजाब घातलेला, दुसरीची पोनीटेल उडतेय, असे फोटो त्यांच्या मॅचेसमध्ये नेहमीचे आहेत. (फिफानं डोक्यावरच्या रुमालाला रीतसर परवानगी दिली ती 2014 मध्ये. त्याआधीच्या काही वर्षांत अशा कितीतरी मुली जागतिक फुटबॉलच्या दाराबाहेरच राहिल्या.)

तर तुमच्या कोचनं दिवसा औषधं विकली, रात्री सराव केला, मधल्या वेळात पदवी घेतली. हे ऐकून मिस्टरांना कीव येत असेल. त्या देशात त्या काळी खेळाडू बाईचं आयुष्य असंच असायचं. खेळायचं तर दुसरं काहीतरी करतच. तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि म्हणूनच ती नुसती खेळत राहिली नाही.

आता मधलं सगळ्यात जाड पान. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये लेबनॉनमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि पाठोपाठ अर्थव्यवस्था कोसळली. बँकांनी लोकांचे स्वतःचे पैसे लोकांना द्यायचं बंद केलं. आयुष्यभराची पुंजी खात्यात दिसतेय, पण काढता येत नाही. आधी कित्येक वर्षं एका डॉलरला साधारण 1,500 लिरा असा दर बांधलेला होता. 2023 मध्ये बाजारात तो एक लाखाच्या पुढे गेला. हिशेब करून बघा. औषधाच्या दुकानात महिना 15 लाख लिरा पगार असेल, तर पूर्वी त्याचे 1,000 डॉलर व्हायचे. त्याच पगाराचे पुढे 15 झाले. त्यात करोना आला. त्यात 4 ऑगस्ट 2020 ला बैरुतच्या बंदरातल्या गोदामात साठवलेल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. दोनशेवर माणसं गेली, अर्ध्या शहराच्या काचा फुटल्या. मॅचेस थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, पुन्हा थांबल्या. फुटबॉलपटूची ऐन भराची वर्षं किती असतात? आठ, फार तर दहा. तुमच्या कोचची त्यातली शेवटची दोन-तीन अशी गेली.

आणि 2021 मध्ये ती निघाली तेव्हा तिच्याबरोबर काय आलं, हे मिस्टरांनी जरा शांतपणे बघावं. दुकानातली नोकरी नाही आली, त्या पगाराला तर तिथेही किंमत उरली नव्हती. बँकेतले पैसे असतील तर ते तिथेच अडकले. बरोबर आला तो खेळ आणि कोचिंगचं लायसन्स. आशियाई फुटबॉल महासंघाचं, म्हणजे एएफसीचं, सी किंवा बी लायसन्स असं असतं की ते तुम्ही बैरुतला घ्या नाहीतर बंगळुरूला, आशियातल्या सगळ्या संघटना ते मानतात. लेबनॉन, अमिरात आणि भारत, तिन्ही एकाच महासंघाखाली आहेत. अशा लायसन्सवर शारजात काम मिळतं, दिरहममध्ये पगार मिळतो, आणि त्या दिरहमवर आज बैरुतमधलं एक घर चालतंय. हे तुम्हीच लिहिलंय, अगदी ओझरतं, जाता जाता. मला विचाराल तर तुमच्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तेच आहे. ज्या गोष्टींना तिच्याही घरात ‘खात्रीचं’ म्हणत असतील, नोकरी, बचत, बँक, त्या सगळ्या बुडाल्या. ज्याला ‘पुढे काय’ म्हणून हिणवलं जातं, ते तरलं.

हे ऐकून मिस्टर म्हणतील, लेबनॉनचं लेबनॉनला, आपल्या बँका काही बुडत नाहीत. बरोबर आहे. तुमच्या मुलीला त्या संकटाची तयारी करायची नाहीये. पण ‘शेवटी शिकवते’ यातला ‘शेवटी’ तेवढा काढून टाका, एवढंच म्हणणं आहे. ज्या देशात महिला फुटबॉलची पहिलीच पिढी खेळत असते, तिथे शिकवणं हा कारकिर्दीचाच भाग असतो, बहुतेकदा मोठा भाग. बारा गोल खाल्ले 2006 मध्ये. 2022 मध्ये पश्चिम आशियाई देशांच्या अठरा वर्षांखालच्या मुलींच्या स्पर्धेत लेबनॉन विजेता होता. मधली सोळा वर्षं कुणीतरी लहान मुलींना पास कसा द्यायचा, अंगावर आलेल्या खेळाडूला पाठ कशी लावायची, चेंडू यायच्या आधी मान वळवून कसं बघायचं हे शिकवत होतं ना? त्यात पहिल्या पिढीच्या खेळाडूही होत्या. सीनियर संघाला अजून आशिया चषकाची मुख्य फेरी गाठता आलेली नाही. 2022 चा आशिया चषक तर आपल्याकडे झाला, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. तिथे लेबनॉन नव्हतं. 2025 च्या पात्रता फेरीत जॉर्डनमध्ये जाऊन ते खेळले आणि त्या गटातून इराण पुढे गेलं. म्हणजे काम अर्धवटच आहे. पण तुमच्या कोचनं ते टाकलेलं नाही. ती तेच शारजात करते आहे आणि सध्या त्याचा फायदा तुमच्या मुलीला होतो आहे.

आता त्या फोटोबद्दल.

सेलीन हैदर कोण, हे आमच्या सगळ्या वाचकांना माहीत असेलच असं नाही, म्हणून सांगते. 2022 च्या त्या विजेत्या संघातली ही मुलगी. क्लब बीएफए, जागा मिडफिल्ड. 2023-24 च्या हंगामात बीएफएनं एकही सामना न गमावता लीग जिंकली आणि पुढच्या हंगामात कॅप्टनचा पट्टा हिच्या हाताला बांधायचं प्रशिक्षकांनी ठरवलं होतं. वय एकोणीस. 2024 च्या सप्टेंबरमध्ये युद्ध भडकलं, लीग थांबली. बैरुतच्या दक्षिण उपनगरांवर इस्रायलचे हवाई हल्ले सुरू झाले, तेव्हा घरचे डोंगरातल्या बाकलीनला गेले. ही अभ्यासासाठी आणि सरावासाठी बैरुतमध्ये येऊन-जाऊन राहिली. 16 नोव्हेंबरला शियाह भागात हल्ला झाला, त्याचा तुकडा तिच्या डोक्याला लागला. कवटी फ्रॅक्चर, मेंदूत रक्तस्राव, कोमा. रस्त्यावर पडलेल्या सेलीनचा व्हिडिओ जगभर फिरला. युद्धबंदी झाली 27 तारखेला, म्हणजे अकरा दिवसांनी. पुढे ती कोमातून बाहेर आली आणि मग सुरू झाली ती फिजिओथेरपीची लांबलचक वाट. जी मुलगी लीगच्या आख्ख्या हंगामात हरली नव्हती, तिला साध्या साध्या हालचालींसाठी घाम गाळावा लागला.

तुमची मुलगी मिडफिल्डला खेळते. सेलीनही मिडफिल्डला. वयात दोन-तीन वर्षांचा फरक. आणि तुमच्या मुलीची कोच त्याच शहरातून आलेली. त्या नोव्हेंबरात सरावाच्या मैदानावर कोचचा चेहरा कसा होता, हे तुमच्या मुलीनं पाहिलं असणार, तुम्ही पाहिलं नसेल. तुम्हाला त्या फोटोत मरणाची भीती दिसते. तिला काय दिसतं ते तिला विचारलंत का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. मुली या वयात भिंतीवर लावतात ते दरवेळी अनुकरणासाठी नसतं. कधी ते ओळखीसाठी असतं, ‘ही माझ्यासारखी आहे’ एवढ्यासाठी. फोटो काढायला लावू नका. सेलीनला जे झालं ते फुटबॉलमुळे झालं नाही, हे मात्र घरात एकदा स्पष्ट बोललं जाऊ द्या. ती एका राहत्या वस्तीत होती, तिथे हल्ला झाला. दुकानात काम करणाऱ्या, कॉलेजला निघालेल्या, घरी भांडी घासत बसलेल्या कितीतरी बायकामुलींना त्या महिन्यांत तेच झालं, त्यांचे फोटो कुणाच्या कपाटावर लागले नाहीत. मिस्टर जर ‘बघ, खेळाच्या मागे लागून काय झालं’ असं म्हणत असतील, तर ते चूक आहे आणि त्या मुलीवर अन्यायही.

एक मात्र बघा. रात्री उशिरापर्यंत ती तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत असेल, झोप उडाली असेल, सरावाला जायचं टाळत असेल, तर शाळेच्या समुपदेशक बाईंशी बोला. तसं नसेल तर फोटो आपला राहू दे.

आता व्यवहार. मिस्टरांच्या काळजीतला पैशाचा भाग खरा आहे आणि मी तो झाकणार नाही. भारतात महिला फुटबॉलवर घर चालवणाऱ्या मुली थोड्या आहेत. बऱ्याच जणी रेल्वे, पोलीस, निमलष्करी दलं यांच्या नोकरीच्या आधारानं खेळतात. बाला देवीचंच बघा, भारताची इतकी मोठी स्ट्रायकर, पण मणिपूर पोलिसांत नोकरीला. 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सनी तिच्याशी करार केला तेव्हा ती तिशीला टेकली होती. पण वारंही बदलतंय. जुलै 2025 मध्ये आपल्या मुलींनी थायलंडमध्येच जाऊन थायलंडला 2-1 हरवलं आणि पात्रता फेरी खेळून आशिया चषक गाठायची ही भारताची पहिलीच वेळ ठरली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पुढच्याच महिन्यात वीस वर्षांखालच्या मुलींनीही म्यानमारला हरवून आपला आशिया चषक गाठला. तुमच्या मुलीचं वय याच गटातलं आहे. तेव्हा ‘दम आहे’ हे कोचचं मत भारतात कुणीतरी तपासून बघायला हवं. इथे मी कोचच्याही बाजूनं आंधळेपणानं बोलणार नाही. शारजातल्या अकॅडमीत उठून दिसणं वेगळं आणि मणिपूर, झारखंड, ओडिशातल्या मुलींसमोर टिकणं वेगळं. त्या मुली चिखलात, उन्हात, अनवाणी खेळून आलेल्या असतात आणि त्यांना पडायची भीती नसते. हे तिला ट्रायलमध्येच कळेल, आणि कळलेलं बरं.

म्हणून बारावीचं वर्ष असं लावा. आठवड्याला जे काही पाच-सहा दिवस सराव चालू असेल, तो तीन दिवसांवर आणा. त्यात एक दिवस फक्त ताकदीचा, मांड्या, पोटऱ्या, कंबर. या वयाच्या मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि तो तुटला की नऊ-दहा महिने गेलेच म्हणून समजा. सगळा सराव बंद करून वर्षभरानं एकदम ट्रायलला उभं केलंत, तर गुडघा जायची भीती उलट वाढते. खेळ बंद न करण्याचं माझं एक कारण हे आहे, आणि ते अभ्यासाच्या बाजूचंच आहे. बोर्डाच्या आधीचे दीड-दोन महिने फक्त पळणं आणि व्यायाम, मॅच नाही. रक्तातलं लोह एकदा तपासून घ्या. पाळीच्या दिवसांत तिला दमायला होत असेल तर कोचला सांगायची लाज बाळगू नका म्हणावं, कोच बाईच आहे, तिला सगळं माहीत असतं.

बोर्ड संपलं की भारतात. मॅचेसचे व्हिडिओ आत्तापासून साठवा. गोल करतानाचे नकोत, मिडफिल्डरचे ते उपयोगाचे नसतात. संपूर्ण अर्धा वेळ एकाच कॅमेऱ्यात, चेंडू नसताना ती काय करते हे दिसेल असे हवेत. महाराष्ट्रात खेळायचं तर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, ही राज्य संघटना. रजिस्ट्रेशन एखाद्या क्लबमार्फत होतं. आणि मिस्टरांना सांगा, राज्यांच्या सीनियर महिला संघांची जी राष्ट्रीय स्पर्धा आहे तिचं नाव आता राजमाता जिजाबाई ट्रॉफी आहे. त्यांच्याच गावचा एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ 2018-19 मध्ये इंडियन विमेन्स लीग खेळून आलेला आहे. पाटाकडील-दिलबहारवर तासभर बोलणाऱ्या किती कोल्हापूरकरांना हे ठाऊक असतं, देव जाणे. पुण्यामुंबईत किंवा कोल्हापुरात कॉलेज घेतलंत तर आंतरविद्यापीठ स्पर्धांचा रस्ताही उघडा राहतो. पदवी आणि खेळ हातात हात घालून जातील अशीच जागा बघा. कोचनं बैरुतमध्ये तेच केलं होतं, तेही तिच्यापुढे असलेल्या अडचणींत.

कोचशी नीट बसून बोला, आणि मिस्टर तिथे असू देत. तिला ‘मुलगी कशी खेळते’ हे विचारू नका, ते ती सांगतेच आहे. तिच्या स्वतःबद्दल विचारा. कुठल्या वर्षी फुटबॉलमधून पहिले पैसे मिळाले, किती. पहिलं लायसन्स खेळत असतानाच घेतलं की नंतर. आज पुन्हा सतरा वर्षांची झाली तर काय वेगळं करेल. भारतात कोचिंगची सुरुवातीची एक पायरी डी लायसन्स ही आहे, अठरा पूर्ण झाली की तुमच्या मुलीनं ते घ्यावं असं माझं मत आहे, खेळत असतानाच. लहान मुलींना शिकवायला लागली की स्वतःचा खेळही सुधारतो. आणि कोचची उत्तरं मिस्टरांना तिच्याच तोंडून ऐकू दे. तुम्ही मध्ये पडून भाषांतर करत बसू नका, त्यांना इंग्रजी येतं.

राहिला कॅनडाचा विषय, आणि तो तुम्हाला वाटतो तितका किरकोळ नाही. लेबनॉनचा नागरिकत्वाचा कायदा 1925 चा आहे. परदेशी माणसाशी लग्न केलेली लेबनीज आई आपल्या मुलांना नागरिकत्व देऊ शकत नाही. बाप पॅलेस्टिनी किंवा सीरियन असेल, तर मुलगी बैरुतमध्ये जन्मली, वाढली, खेळली तरी देवदाराचं चिन्ह असलेली लाल जर्सी तिला मिळत नाही. तुमच्या मुलीपुढे तसली अडचण नाही, तिच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, आणि भारताकडून खेळायला तोच लागतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड चालत नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे पुढे कॅनडाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि भारताच्या संघाचा विषय तिथेच संपतो. कॅनडानं 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉलचं सुवर्ण घेतलेलं आहे, त्यांच्या संघात शिरणं काय असतं ते वेगळं सांगायला नको. नुसतं पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, घेऊन तिकडे शिकायला गेली तर पासपोर्टला धक्का लागत नाही. नागरिकत्वाच्या अर्जापर्यंत काही वर्षं मिळतात. तोवर ती अठरा ओलांडलेली असेल, म्हणजे सही तिची तिला करायची आहे. अर्ज भरायला बसाल तेव्हा हा हिशेब तिच्यापुढे आधी ठेवा.